त्या मुलीची बाजू

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण मला पहिल्यापासून खटकत आली आहे. दगडावर टाकी चालवणाऱ्याला मूर्ती घडवायची असते. कुठे मारायचं, किती जोरात मारायचं आणि कुठे हात आवरायचा हे त्याला ठाऊक असतं. मी ज्या घरात वाढले तिथे घाव होते, पण कुणाच्या डोळ्यांपुढे कसलीही मूर्ती नव्हती. बाबा चिडायचे ते मला घडवण्यासाठी नव्हे. ते चिडायचे, बस्स. म्हणून कुणी कौतुकाने म्हणालं, "एवढं सोसलंस म्हणून तर इतकी खंबीर झालीस," की मी हसून विषय बदलते. मनात उत्तर तयार असतं: नाही हो, सोसलं म्हणून नाही झाले. सोसल्यामुळे झोप उडाली, पोटाचं दुखणं मागे लागलं आणि माणसांची धास्ती बसली. जे काही बरं झालं ते खूप नंतर झालं, दुसऱ्याच कारणांनी झालं, आणि श्रेय द्यायचंच असेल तर ते त्या कारणांना द्यावं.

आघातानंतर काही माणसांच्या आयुष्यात जे बदल होतात त्यांना 'आघातोत्तर वाढ' हे नाव रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दिलं. ही वाढ मोजण्यासाठी २१ विधानांची एक प्रश्नावलीही त्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचं म्हणणं नीट वाचलं तर ते बरंच सावध आहे. वाढ घटनेमुळे होत नाही, घटनेनंतर माणूस जी झुंज देतो तिच्यातून होऊ शकते. आणि वाढ झाली म्हणून वेदना जात नाही, दोन्ही एकाच माणसात नांदतात. प्रेरणादायी भाषणांपर्यंत पोचता पोचता यातला सावधपणा गळून पडला आणि दुःखाने माणूस मोठा होतो एवढंच उरलं. मग ज्याला दुःखाने मोठं केलं नाही, नुसतं थकवलं, त्याने काय समजायचं? आधी मार खाल्ला, आणि वर त्या माराचं सोनंही करता आलं नाही?

आमच्या घरी रोज मारहाण होत नव्हती. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा जरा सैल होतो आणि मला पुढचं सांगावंसं वाटत नाही. बरेचसे दिवस साधे जायचे. बाबा गोष्टी सांगायचे, वह्यांना कव्हरं घालून द्यायचे, खदखदून हसायचे. पण कुठला दिवस कसा निघेल हे कुणालाच माहीत नसायचं, आणि खरा मार त्या माहीत नसण्याचा होता. जिन्यात पावलं वाजली की माझे कान टवकारायचे. पाऊल जड पडतंय का, मधल्या वळणावर थांबलं का, किल्ली कुलपात एकदम गेली की चुकली, चपला काढून ठेवल्या की भिरकावल्या. दार उघडायच्या आत मला निकाल कळलेला असायचा. धाकटा भाऊ तोवर आतल्या खोलीत दाराआड गेलेला. आई हातातलं काम टाकून उभी. आणि मी बाहेरच्या खोलीत, पुढे, हसऱ्या चेहऱ्याने. माझं काम ठरलेलं होतं. बाबांना हसवायचं.

ते मला छान जमायचं. त्यांच्या साहेबांची मी हुबेहूब नक्कल करायचे. ज्या विषयातलं आपल्याला सगळं कळतं असं त्यांना वाटायचं, त्या विषयावर मुद्दाम बावळट प्रश्न विचारायचे आणि ते समजावून सांगत असताना डोळे मोठे करून ऐकायचे. एवढ्याने भागलं नाही तर आणखी एक हुकमी उपाय होता. रागाचा रोख आईकडे असेल तर मी बाबांच्या बाजूने बोलायचे. "आई नेहमी असंच करते ना, बाबा?" त्यांचा आवाज एकदम खाली यायचा. कुणीतरी आपल्या बाजूचं आहे म्हटल्यावर माणूस जसा सैलावतो तसे ते सैलावायचे. आई माझ्याकडे बघायची नाही. ती भांडी उचलायची आणि आत जायची.

पुढे कितीतरी वर्षं मला बाबांचा राग येत नव्हता. राग यायचा तो त्या मुलीचा. तिच्या हसण्याचा, तिच्या गोड बोलण्याचा, तिच्या त्या एका वाक्याचा. मार आठवला तर नुसतं दुखायचं. ते वाक्य आठवलं की अंगावर शिसारी यायची. आघात झालेल्या माणसांशी बोलताना मला हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आपल्याला जे केलं गेलं ते ती एक वेळ सांगतात, पण त्या वेळी आपण काय केलं किंवा काय केलं नाही हे सांगताना त्यांचा आवाज जातो. ओरडले का नाही. परत का गेले. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाशी नीट का बोलले.

स्कॉटलंडचे मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबेर्न यांनी १९४३ मध्ये याचं एक स्पष्टीकरण दिलं होतं आणि त्याहून नेमकं मी अजून वाचलेलं नाही. ज्यांच्या घरात वाईट वागवलं जातं अशी मुलं आईवडिलांना वाईट म्हणत नाहीत, स्वतःला वाईट ठरवतात. का? तर देवाच्या राज्यात पापी म्हणून राहणं हे सैतानाच्या राज्यात राहण्यापेक्षा बरं, असं ते म्हणाले. आपण पापी असलो तर निदान सुधारायची सोय उरते. मी नीट वागले, आवाज केला नाही, चांगले मार्क आणले तर आज बाबा चिडणार नाहीत. यात दोष माझा, पण दोषाबरोबर थोडी आशाही माझीच. उलट, मी कशीही वागले तरी काही फरक पडत नाही हे कबूल केलं तर लहान मुलाने रात्री डोळे मिटायचे कशाच्या भरवशावर? रॉनी जॅनॉफ-बुलमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये स्वतःला दोष देण्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक, मी अमुक वागले म्हणून झालं. दुसरा, मी आहेच अशी म्हणून झालं. पहिल्यात पुढच्या वेळी वेगळं वागण्याची वाट उघडी राहते. दुसऱ्यात सगळ्या वाटा बंद. माझ्याबाबतीत पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर कधी झालं ते मला सांगता येणार नाही. आज हसले नसते तर बरं झालं असतं, इथून सुरुवात झाली होती. कॉलेजात जाईपर्यंत मी मुळातच लबाड आहे, इथे येऊन पोचले होते.

गंमत अशी की त्याच लबाडीवर मी नोकरीत वर चढत होते. मीटिंगमध्ये कोण नाराज आहे हे मला त्याने तोंड उघडायच्या आत कळायचं. चिडलेला ग्राहक माझ्याकडे पाठवायची पद्धतच पडली होती. "तुला माणसं कशी गं बरोब्बर कळतात?" असं विचारलं की मी खांदे उडवायचे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सेथ पोलॅक यांचा एक प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना चेहऱ्यांची चित्रं दाखवायची, आधी अगदी पुसट आणि मग टप्प्याटप्प्याने स्पष्ट होत जाणारी. चेहऱ्यावर कुठला भाव आहे ते ओळखायचं. घरात मार खाल्लेल्या मुलांनी रागाचा चेहरा इतर मुलांच्या आधी ओळखला, चित्र अजून पुरतं उमटलेलं नसताना. लंडनमधल्या इमन मॅक्रोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये घरातल्या हिंसेतून गेलेल्या मुलांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. रागीट चेहरे पाहताना या मुलांच्या मेंदूतले अमिग्डाला आणि अँटिरियर इन्सुला हे धोक्याची चाहूल घेणारे भाग जास्त चेतत होते. युद्धावर जाऊन आलेल्या सैनिकांच्या मेंदूतही हेच आढळलं होतं. मला त्यातली सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही की ती मुलं आजारी नव्हती. त्यांना कुठलाही मानसिक विकार जडलेला नव्हता. ज्या घरात राहायचं होतं, त्या घराला शोभेल असं त्यांच्या मेंदूने स्वतःला बेतून घेतलं होतं.

अर्थात, घर सुटलं तरी बेतलेलं सुटत नाही. नवरा कामावरून आला आणि नेहमीपेक्षा कमी बोलला की माझ्या छातीत धडधडायला लागायचं. मग मी बडबड करायचे, विनोद करायचे, आणि शेवटी विचारायचे, "चिडलायस का?"

"नाही गं. दमलोय."

"नक्की ना? माझं काही चुकलं का?"

तिसऱ्यांदा विचारलं की तो खरोखरच चिडायचा. आणि सांगायला लाज वाटते, पण तो चिडला की मला बरं वाटायचं. निदान कळलं तरी! वाट बघणं संपलं.

मदत घ्यायला मी गेले ती या धडधडीसाठी. ज्या समुपदेशक बाई भेटल्या त्या फार कमी बोलायच्या. त्यांच्याआधी एका ठिकाणी मला डोळे मिटून लहानपणीच्या स्वतःला मिठीत घ्यायला सांगितलं होतं. मी डोळे मिटले, आणि समोर ती आली तशी मला पहिल्यांदा तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. नंतर हसू आलं. अनेकांना या व्यायामाचा उपयोग होतो, त्यांची मी थट्टा करत नाही. पण स्वतःवर प्रेम करा हा सल्ला ज्या सहजतेने वाटला जातो तिचा मला कंटाळा आहे. ज्या माणसाची किळस येते त्याच्यावर प्रेम करायला सांगणं म्हणजे त्याला आणखी एक अशक्य काम देणं. ते जमलं नाही की नापास होण्याची आणखी एक जागा तयार.

या बाईंनी वेगळंच विचारलं. "तिने त्याऐवजी काय करायला हवं होतं?"

मी म्हणाले, "गप्प बसायला हवं होतं."

"गप्प बसल्यावर काय व्हायचं?"

"आवाज वाढायचा."

"बरं. मग दुसरं काय?"

आम्ही खरोखरच एका कागदावर लिहून काढलं. पळून जाणं: कुठे? भाऊ मागे राहिला असता. कुणाला सांगणं: एकदा सांगितलं होतं, घरातल्या गोष्टी बाहेर बोलू नयेत असं उत्तर मिळालं होतं. प्रतिकार करणं: माझं डोकं त्यांच्या कमरेलाही लागत नव्हतं. आईला सावरणं: त्याने राग दुप्पट व्हायचा, आईवरच. एकेक पर्याय खोडत गेल्यावर कागदावर एकच उरला, आणि तो त्या मुलीने कुणीही न शिकवता शोधून काढला होता. बाईंनी तो कागद माझ्याकडे सरकवला आणि काही बोलल्या नाहीत. मला रडू वगैरे आलं नाही. हिशेब जुळल्यावर वाटतं तसं काहीसं कोरडं समाधान मात्र वाटलं. त्या मुलीबद्दल माया नव्हती वाटली. ती पुढे हळूहळू आली, आणि अजूनही रोज येते असं नाही. पण त्या दिवशी तिची बाजू पहिल्यांदा कुणीतरी ऐकून घेतली होती, आणि ऐकणारी मी होते.

स्वतःला स्वीकारणं माझ्यापाशी या वाटेने आलं. प्रेमाच्या आधी न्याय. मला वाटतं, ज्यांना स्वतःची दया येत नाही अशा पुष्कळ माणसांना ही वाट चालण्यासारखी आहे. स्वतःशी प्रेमाने वागता आलं नाही तरी अनोळखी माणसाशी जितक्या सचोटीने वागू तितकं वागता येतं. त्या वेळी काय ठाऊक होतं, हातात काय होतं, वय काय होतं हे विचारता येतं. आज जे कळतं ते तेव्हा कळायला हवं होतं असा आग्रह सोडता येतो. हा शेवटचा आग्रह फार चिवट असतो. घटना कशी संपली हे माहीत झालं की ती तशीच संपणार होती आणि ते आपल्याला दिसायला हवं होतं असं मन हटकून धरून बसतं.

याच सुमारास आणखी एका वाचनाने मला मोठा हात दिला, आणि तो अगदी रुक्ष मजकूर होता. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा मानसिक विकार, हे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत १९८० मध्ये आलं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवाचा त्यात मोठा वाटा होता. एखादी भयंकर घटना, आणि मग तिची स्वप्नं, तिचे झटके. वर्षानुवर्षं थोडं थोडं घडत राहिलेलं त्यात नीट मावत नव्हतं. ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी त्यासाठी वेगळं निदान हवं असं १९९२ मध्ये मांडलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात ते 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' म्हणून आलं आणि ते वर्गीकरण लागू झालं १ जानेवारी २०२२ पासून. त्यात लिहिलेल्या लक्षणांमध्ये भावना आवरता न येणं आहे, नाती टिकवणं जड जाणं आहे, आणि यांच्याबरोबर हेही आहे: आपण कमी प्रतीचे आहोत, हरलेलो आहोत, कवडीमोलाचे आहोत अशी ठाम समजूत, आणि तिच्यासोबत शरम, अपराधी भाव. ती ओळ मी परत वाचली. ज्याला मी स्वतःबद्दलचं सत्य समजत होते ते इथे लक्षण म्हणून छापलेलं होतं, ताप किंवा खोकला छापतात तसं. लक्षण आहे म्हणजे ते अनेकांना होतं. ज्यांची माझी कधी गाठ पडणार नाही अशी कितीतरी माणसं स्वतःला नेमक्या याच शब्दांत शिव्या देत असणार. स्वतःबद्दलच्या करुणेवर २००३ पासून लिहिणाऱ्या क्रिस्टिन नेफ तिचे तीन घटक सांगतात. स्वतःशी मायेने वागणं, आपलं दुःख सगळ्या माणसांच्या दुःखाचा भाग आहे हे ओळखणं, आणि भावनेत वाहून न जाता तिच्याकडे बघणं. पहिला माझ्याच्याने होईना. दुसऱ्याने मला आत घेतलं.

स्वीकार म्हटला की लोकांना लगेच माफी आठवते. "केलंस का बाबांना माफ?" हा प्रश्न मला इतक्या प्रेमाने विचारला गेला आहे की विचारणाऱ्यावर रागावताही येत नाही. मार्शा लिनेहान यांचं या बाबतीत मला फार ऋण वाटतं. स्वतःला इजा करण्याच्या उंबरठ्यावर जगणाऱ्या लोकांसाठी त्यांनी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही उपचारपद्धती तयार केली, आणि आमूलाग्र स्वीकार हा तिचा एक कणा आहे. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की १७ व्या वर्षी, १९६१ मध्ये, त्या स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथे होत्या. तोवर त्यांची कीर्ती जगभर झालेली होती. न सांगताही चाललं असतं. स्वीकार म्हणजे संमती नव्हे, हे त्या वारंवार सांगतात. जे घडलं ते घडलं, एवढीच त्यातली कबुली. ते योग्य होतं असं म्हणायचं नाही. विसरायचं नाही. करणाऱ्याला मिठी मारायची नाही. फक्त, ते घडायला नको होतं हा घडून गेलेल्या गोष्टीशी चाललेला वाद थांबवायचा, कारण त्या वादात रोजची ताकद खर्च होते आणि समोरून उत्तर कधीच येत नाही.

बाबा आता म्हातारे आहेत. त्यांच्या गोळ्या मी आणते, दवाखान्यात नेते, रक्तदाब लिहून ठेवते. ही माफी आहे का, मला माहीत नाही आणि ठरवायची निकडही वाटत नाही. त्यांना काही आठवत नाही किंवा आठवत नसल्याचं ते दाखवतात. आईला विचारायचं होतं, तुला कळत होतं का मी तसं का बोलायचे ते. आई गेली. आता ते कळायचं नाही.

ताकदीबद्दल बोलायचं राहिलं, तर त्यासाठी एक जुना प्रयोग सांगावा लागेल. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ च्या सुमारास कुत्र्यांना चुकवता न येणारे विजेचे झटके दिले. नंतर सुटका शक्य असलेल्या ठिकाणी नेल्यावरही त्यांतले बरेच कुत्रे पडून राहिले, उठलेच नाहीत. प्रयोग क्रूर होता, आणि त्यातून निघालेली 'शिकलेली हतबलता' ही कल्पना पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. जीव हतबल व्हायला शिकतो, असा तिचा अर्थ. ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे लिहिलं की आपण उलटं समजलो होतो. लांबलेल्या त्रासापुढे निपचित होणं शिकावं लागत नाही, ती जिवाची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते हे की आपल्या करण्याने फरक पडतो. मेंदूच्या पुढच्या भागाला ते एकदा कळलं की तो खालच्या गजराला आवर घालू लागतो.

एवढ्या वर्षांनी दोन माणसं आपलंच गाजलेलं म्हणणं जाहीरपणे फिरवतात, याचं मला अप्रूप वाटतं. पण त्याहून मोठी गोष्ट ही की यामुळे मला स्वतःकडे बघण्याची एक वेगळी जागा मिळाली. निपचित पडणं हा माझ्या स्वभावातला दोष नव्हता. आणि ताकद आतून उसळून यायची मी वाट बघत होते ती व्यर्थ होती. ती शिकायची होती, अगदी फालतू दिसणाऱ्या गोष्टींपासून. दाराकडे तोंड करून बसल्यावर बरं वाटतं ना, मग सरळ ती खुर्ची मागून घ्यायची. फोन वाजला म्हणून उचलायलाच हवा असं नाही. आवाज चढला तर "मी दहा मिनिटांनी येते" म्हणून उठून जायचं, आणि दहा मिनिटांनी खरंच यायचं. "चिडलायस का?" हे एकदाच विचारायचं आणि मिळालेलं उत्तर खरं मानून चालायचं. सगळ्यांत अवघड हे शेवटचं होतं. पहिल्यांदा केलं तेव्हा रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी नवरा नेहमीसारखा शीळ घालत दाढी करत होता. म्हणजे खरंच दमला होता!

लिहूनही बघितलं. जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहायला लावलं. लिहिल्या लिहिल्या त्यांना वाईटच वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. नंतर झालेल्या शेकडो अभ्यासांतून दिसतं की फायदा आहे, पण लहान आहे. माझा अनुभव तसाच. लिहिल्याने काही सुटलं नाही, पण गोष्टीला आधी-नंतर असा क्रम आला.

आणि आता ज्या कारणांना श्रेय द्यायचं म्हणाले होते त्यांच्याकडे येते. हवाई बेटांतल्या काउआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं व्यसन किंवा आजार अशा अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं तरीही कर्तबगार, आत्मविश्वास असलेली, माया करणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एकतरी मोठं माणूस असं होतं ज्याने त्यांना न मोजता माया दिली. कधी आजी, कधी शिक्षक, कधी शेजारी. आणि उरलेली? किशोरवयात जी अडचणीत सापडली होती त्यांतलीही बरीचशी तिशी-चाळिशीत सावरली. शिक्षण पुन्हा सुरू करून, समजूतदार जोडीदार मिळून, एखाद्या समाजात आधार सापडून. हा दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही. लवचिक मुलं ही गोष्ट ऐकायला छान वाटते. उशिरा सावरलेली प्रौढ माणसं ही गोष्ट मला जास्त खरी वाटते.

माझ्यासाठी ते माणूस म्हणजे मावशी. सख्खी नव्हे, शेजारची. अभ्यासाच्या निमित्ताने मी तिच्याकडे तासन्‌तास बसायचे. तिने कधी काही विचारलं नाही. तिला सगळं ऐकू जात असणार, भिंती काही जाड नव्हत्या. तिच्याकडे मला कुणाला हसवावं लागत नव्हतं. मी पुस्तकात डोकं घालायचे, ती तिचं काम करायची, संध्याकाळी म्हणायची, "दिवा लाव गं, डोळे जातील." मला खंबीर म्हणणाऱ्यांना मी मावशीबद्दल सांगू लागले की ते जरा हिरमुसतात. त्यांना माझ्यातलं काहीतरी हवं असतं. मी त्यांना दुसऱ्याचं उघडं दार दाखवते.

म्हणूनच बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांचे गुण काढून, म्हणजे घरातली मारहाण, व्यसन असं काय काय वाट्याला आलं ते मोजून, स्वतःचं भविष्य वाचणाऱ्यांना मला अडवावंसं वाटतं. हे गुण ज्यातून आले त्या, १७,००० हून अधिक प्रौढांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासाने, १९९८ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष आले तेव्हा, लहानपणीचं घर आणि मोठेपणीची दुखणी यांचा संबंध ठळकपणे दाखवला. पण तो संबंध हजारोंच्या समूहाचा होता. अभ्यासाच्या कर्त्यांपैकी एक, रॉबर्ट अँडा, यांनीच २०२० मध्ये बजावलं की हा आकडा एकेका माणसाचं निदान करायला वापरू नये. माझा आकडा मोठा आहे. त्यात बाबा मोजले जातात. मावशी मोजायला त्यात रकानाच नाही.

सगळं निस्तरलं असं नाही. मागून कुणी अचानक खांद्यावर हात ठेवला तर मी अजून दचकते, आणि ज्याने ठेवला तो ओशाळतो. काही रात्री वाया जातात. चेहरे वाचणं थांबलेलं नाही, पण वाचलेल्या प्रत्येक चेहऱ्याची जबाबदारी घेणं कमी झालं आहे.

गेल्या वर्षी भावाशी फोनवर बोलताना विषय निघाला. आम्ही दोघं त्या घराबद्दल सहसा बोलत नाही. तो म्हणाला, "खरं सांगू? मला तेव्हा तुझा फार राग यायचा. तू त्यांच्या बाजूने बोलायचीस."

पूर्वी मी फोन ठेवला असता, नाहीतर तासभर खुलासे केले असते, तो कागद वाचून दाखवला असता. मी म्हणाले, "हो. बोलायचे."

तो थांबला. मग म्हणाला, "दाराआडून सगळं ऐकू यायचं."

"माहितेय मला."

"आता नाही येत तसा राग."

"आला तरी चालेल."

त्यावर तो थोडा हसला आणि बाबांचा रक्तदाब विचारला. मी आकडे सांगितले. पुढच्या आठवड्यात त्यांना तपासणीला न्यायचं होतं. मी सांगितलं की या वेळी तू ये, माझ्याच्याने होणार नाही. त्याने रजा मिळते का बघतो असं म्हटलं, आणि मी नेहमीसारखं 'राहू दे, मी बघते' म्हणाले नाही. तपासणीची तारीख आणि वेळ सांगितली आणि त्याला ती लिहून घ्यायला लावली.